साधारण माणसाचा शोध

स्फाक्स,
ऑलिव्हची तोडणी सुरू व्हायला नऊ दिवस

परम आदरणीय शाझली दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे लसादचा, मनापासून सलाम. अल्लाच्या कृपेने इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? (डावा बरा आहे असं ताईकडून कळलं.) घाण्याचा पट्टा बदललात की यंदाही तो दोरीने बांधूनच हंगाम काढायचा विचार आहे? झोहराताईचा रक्तदाब कसा आहे? तिला म्हणावं, हरिसाची तिखट चटणी जरा बेताने खा. मात्र मी सांगितलं असं सांगू नका, डॉक्टरांनी सांगितलं असं सांगा. माझं नाव घेतलं की ती मुद्दाम दोन चमचे जास्त घेते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

पत्रास कारण, तसं काहीच नाही. सहज तुमची आठवण आली. नुसत्या वासावरून तेल कोणाच्या झाडाचं ते सांगणारा, कर्तबगार, डोकेबाज असा माणूस आपल्या घरात असावा आणि आपण त्याला वर्षानुवर्षं चार ओळी लिहू नयेत, याची खरं सांगतो, लाज वाटली. फोनच करणार होतो. पण ताई फोन स्पीकरवर टाकून अंगणात ठेवते, आणि मग मी तुम्हाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शेजारची खदूजा देते. आमच्या कॉलेजात नवीन पेटंट कक्ष निघाला आहे (कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि तीत अर्वा नावाची एक मुलगी). त्या अर्वाच्या मते अशा फोनला 'जाहीर वाच्यता' म्हणतात, आणि अर्ज दाखल व्हायच्या आधी शोधाची जाहीर वाच्यता झाली की शोध मेला. आता अर्ज दाखल झालाय, आता बोललं तरी चालतं असं ती म्हणते, पण माझी जीभ अजून सैल होत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेली सहा वर्षं मी घाण्यातल्या काळ्या पाण्याच्या मागे लागलोय. तेल निघाल्यावर उरणारं ते आंबूस, डोळे झोंबवणारं पाणी शेतात सोडलं तर शेत जळतं, ओढ्यात सोडलं तर गाव अंगावर येतं. त्याचा वास आणि विखार काढायचा, एवढंच माझं आयुष्याचं काम. (सलवा अजून माझे शर्ट वेगळ्या बादलीत धुते. लग्नाची बायको, पण शर्टाला चिमटीत धरते.) कोळसा वापरून झाला, माती झाली, वाळू झाली, परदेशातून मागवलेली एक बारीक जाळी झाली, जी पहिल्याच दिवशी तुंबली आणि दुसऱ्या दिवशी फुटली. मग घाण्यात ठेचलेल्या फळांच्या थरांमध्ये घालतात त्या गवती चटया आणल्या. कोऱ्या करकरीत, दोन डझन. पाणी वरून जसं काळं आत गेलं तसंच काळं खाली आलं. आणि मग गेल्या जानेवारीत एका क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोऱ्या नव्हे, जुन्या चटया! वर्षानुवर्षं तेल पिऊन काळ्या ठिक्कर झालेल्या! चार जुन्या चटया मिळवल्या (कुठून, ते इथे महत्त्वाचं नाही), पाणी सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी खाली आलं ते फिकट चहाच्या रंगाचं, वास नाही, विखार नाही. त्या चटयांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले जंतू ती घाण खाऊन टाकतात. त्या पाण्यावर कुंडीत पुदिना लावला, तो तरारून वाढला, त्याचा चहा आमच्या डीनना पाजला आणि मग सांगितलं. (आधी सांगायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.)

तेव्हापासून अर्वाने माझं तोंड बांधलं. "सर, अर्ज जाईपर्यंत कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. घरी नाही, लग्नात नाही, न्हाव्याकडे तर मुळीच नाही." दाजी, आपल्या लोकांत गप्प बसणं म्हणजे काय असतं ते मला उन्हाळ्यात तुमच्या पुतणीच्या लग्नात कळलं. मी दोन दिवस कुणाशी काही बोललो नाही, तर पहिल्या दिवशी माझी दाढ दुखतेय असं ठरलं, दुसऱ्या दिवशी माझं कॅनडाला जायचं ठरलं. ताईने रडून घेतलं आणि प्रवासासाठी गहू-चणे भाजून, दळून तीन किलो बसीसा बांधून दिली. मी नको म्हणालो तर म्हणाली, "तिकडे बर्फात तुला कोण देणार आहे?" अजून दीड किलो उरली आहे. रोज सकाळी ती तेलात कालवून खातो आणि स्फाक्समध्येच राहतो.

आता मुख्य संकट. (पत्राला कारण नाही हे खरंच, पण संकट आहे.) मागच्या आठवड्यात राजधानीतून पेटंटवाल्यांचं पत्र आलं. लिहिलंय की सदर शोध मान्य करता येत नाही, कारण जुन्या चटया वापरण्याची कल्पना 'या धंद्यातल्या साधारण कौशल्याच्या माणसाला' सहज सुचली असती. वीस तारखेच्या आत उत्तर द्या, नाहीतर अर्ज बाद. माझं डोकंच फिरलं. सहा वर्षं मी नाकाला फडकं बांधून उभा, आणि हा कोण टपकला? आणि हे नुसत्या मानापमानाचं नाही, दाजी. मी सतरा वर्षं सहयोगी प्राध्यापक आहे. पूर्ण प्राध्यापक व्हायला मला अठरा गुण कमी पडतात. एकट्याच्या नावावर पेटंट असलं तर वीस मिळतात, वाटून असलं तर दहा. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. म्हणजे हे पेटंट गेलं तर मी सहयोगी म्हणूनच घरी जाणार, आणि माझ्या दारावरची ती अर्धी पाटी (पुढे हुद्द्यासाठी जागा सोडून लिहिलेली, तुम्ही एकदा हसला होतात) तशीच राहणार.

मी सरळ राजधानीला फोन लावला. म्हटलं, "या माणसाचं नाव सांगा." तिकडचे साहेब फार सभ्य. म्हणाले, "असा कोणी माणूस नसतो, सर. ती एक कल्पना आहे." मी म्हटलं, "अहो, जो स्वतःच कल्पना आहे त्याला माझी कल्पना माझ्या आधी कशी सुचली?" ते म्हणाले, "लेखी कळवा."

लेखी तर लेखी. मी ठरवलं की असा माणूस नसेल तर आपण हजर करू. एक कागद तयार केला: 'मी, खाली सही करणारा, तेलघाण्याच्या धंद्यातला साधारण कौशल्याचा माणूस असून, जुन्या चटया वापरण्याची कल्पना मला कधीही सुचली नसती.' तो घेऊन वेशीजवळच्या कॅफेत गेलो, जिथे हंगामाआधी आसपासचे घाणेवाले जमतात. अकरा जण होते. आधी मी सहज विचारावं तसं विचारलं, की कुणी कधी काळं पाणी जुन्या चटयांतून सोडून पाहिलंय का. सगळे हसले. "जुन्या चटया आम्ही हमामला देतो, बंबात घालायला. झकास जळतात." मला आनंदाने भरून आलं. मी कागद काढला आणि वाचून दाखवला.

दाजी, तिथेच चुकलं. हे स्फाक्स आहे, हे मी विसरलो. हाज खमीस चहाचा ग्लास खाली ठेवून उठले. "साधारण? माझ्या तेलाचा वास घ्यायला समुद्रापलीकडून माणसं येतात, आणि मी साधारण? साधारण तू, तुझं कॉलेज साधारण!" तय्यब म्हणाला, "मी करतो सही, पण ते 'साधारण' खोड आणि 'असामान्य' लिही. आणि 'सुचली नसती' तेही खोड. मला सुचली असती, मला वेळ नव्हता." मग एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, "साधारण माणूस पाहिजे ना? हा बसलाय की!" दुसऱ्याने ताबडतोब त्याच्या वडिलांच्या तेलाचा इतिहास काढला. तिसरा मध्ये पडला, त्याला दोघांनी मिळून साधारण ठरवलं. दोन खुर्च्या मोडल्या, बदामाच्या बशा उलटल्या, आणि ज्याला ह्यातलं काहीच कळलं नव्हतं त्या वेटरने मला दंडाला धरून बाहेर काढलं. दारात म्हणतो कसा, "प्राध्यापकसाहेब, इथे साधारण माणूस मिळायचा नाही. सूस शहरात बघा."

असो. तुम्ही म्हणाल, हा मला हे सगळं कशाला सांगतोय. उगाच. मन मोकळं केलं. हंगाम चांगला जावो, फळ भरपूर उतरो, पट्टा न तुटो. ताईला आणि मुलांना माझा व सलवाचा सलाम. खदूजाला वेगळा सलाम नको, तिच्यापर्यंत सगळं पोचतंच.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
लसाद

ता.क. सोबत तो कागद जोडला आहे. कॅफेतून येताना वाटेत एकदम लक्षात आलं की मी उगाच गावभर फिरतोय, आपल्या घरातच चाळीस वर्षं घाणा चालवणारा एक माणूस आहे, शांत, समजूतदार, खुर्च्या न मोडणारा. तेव्हा कृपा करून खाली सही आणि अंगठा दोन्ही द्यावीत आणि वीस तारखेच्या आत पोचेल असं पाठवावं. रागावू नका, दाजी. साधारण म्हणजे कायद्यातलं साधारण, घरातलं नव्हे.

ता.क. दुसरा. वर सुरुवातीला कर्तबगार, डोकेबाज वगैरे लिहिलंय ते घरगुती समजावं. राजधानीतून कोणी चौकशीला आलं तर ते पान दाखवू नये. ताईलाही सांगून ठेवा की त्या दिवशी तुमचं कौतुक करायचं नाही. (हे तिला जड जाणार नाही.)

ता.क. तिसरा. पत्र पूर्ण झालं, पाकिटावर पत्ता लिहिला, बोटांना शाई लागली म्हणून हात धुवायला गेलो. नळ सोडला आणि आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलो कधी होतो? गेल्या जानेवारीत मी त्या कोऱ्या चटया घेऊन तुमच्या घाण्यावर आलो होतो. ताज्या तेलात रोटी बुडवून खाल्ली, आणि आपण दोघं शेडमागच्या नळावर हात धूत होतो. तुम्ही म्हणालात, "लसाद, नव्या चटईला काय अक्कल असणार? जुनीला विचार, ती चाळीस वर्षं हेच खातेय." मी हसलो. नुसता हसलो नाही, आत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की दाजी आता चटयांशी बोलायला लागले. सगळे हसले. तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी तुमच्या शेडमागून मी चार जुन्या चटया पायपुसण्याला हव्यात म्हणून नेल्या, त्या कसल्या पायपुसण्याला, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. लख्ख प्रकाश वगैरे मी अर्जात लिहिलं, तारीख टाकली, खाली माझं एकट्याचं नाव. मला फार वाईट वाटतंय, दाजी. हसल्याचं जास्त वाटतंय.

हात ओलेच होते, तसाच अर्वाला फोन केला. म्हटलं, समजा ही कल्पना एका घाणेवाल्याची असली तर? मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "दोन प्रश्न, सर. ओळखपत्रावर त्यांचं पूर्ण नाव काय? आणि ते साधारण नाहीत हे कसं दाखवणार?" मी म्हटलं, कॅफेतल्या अकरा घाणेवाल्यांनी आयुष्यभर जुन्या चटया हमामला जाळायला दिल्या, प्रत्येकजण स्वतःला असामान्य म्हणतो, आणि सुचलं ते फक्त एकाला, तेही हात धुताधुता. ती म्हणाली, "सर, राजधानीला हेच उत्तर लिहून पाठवा." माझे गुण निम्मे होतील. ते मी बघेन. सतरा वर्षं सहयोगी आहे, सवय झालीय, आणि पाटीवर रिकामी जागा बरी दिसते असं सलवाही म्हणते. सोबत दुसरा कागद आहे, 'सहसंशोधक' असा. त्यावर तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट, स्वच्छ अक्षरात लिहा.

ता.क. चौथा. पाकिटात दोन कागद म्हटलंय आणि निघाला एकच, असं ताई नक्की म्हणेल, टपालवाल्यालाही धारेवर धरेल. तिला आवरा. तो साधारण माणसाचा कागद शोधू नका. मी तो घातलेलाच नाही.