योशिएचं ताट

त्सुरुओका,
१४ जानेवारी १९८७

ती. मित्सुएताईस,
सा. न. वि. वि.

घरात सुतक, म्हणून यंदा नववर्षाचं कार्ड पाठवलं नाही. सण उलटल्यावर साधं पत्र लिहावं असं ठरवलं होतं. इकडे कंबरेएवढा बर्फ पडला आहे. छपरावरचा दोनदा ओढून काढला, तिसऱ्यांदा अंगात त्राण उरलं नाही, शेजाऱ्यांनी काढून दिला.

लिहायचं कारण वेगळंच आहे. डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब एकशे अठ्ठ्याहत्तर, आणि मूत्रपिंडं दमली आहेत म्हणे. मी म्हटलं, मीही दमलोय, पण ते हसले नाहीत. मीठ निम्म्याहून कमी करा, टोफू आणि भाज्या खा, जूनमध्ये पुन्हा नीट तपासू, असं त्यांनी सांगितलं. चिहारूने हे ऐकलं आणि तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. जूनमध्ये आकडे सुधारले नाहीत तर मी घराला कुलूप लावून सेंडाईला तिच्याकडे राहायला जायचं. लेकीचं काही चुकत नाही. पण तिचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आपला पितरांचा देव्हारा तिथे मावणार नाही, तिने मोजून पाहिलं आहे. आईचा फोटो तेवढा घेऊन या म्हणाली. ताई, मला हे घर सोडायचं नाही. योशिएला जाऊन चारच महिने झालेत, तिला असं फोटोपुरतं उचलून नेणं माझ्याच्याने होणार नाही.

तेव्हा आता टोफू. गेल्या सप्टेंबरपर्यंत मी चहाचं आधणसुद्धा कधी ठेवलं नव्हतं, हे तू जाणतेसच. चार महिने बाजारातले तयार डबे आणि शेजाऱ्यांची दया यांवर निघाले. परवा भांडं घेऊन टोफूवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, घट्ट हवा की मऊ. मी म्हटलं, टोफू हवा. त्याने मऊ दिला असणार, कारण कढईत टाकून ढवळला तर त्याचा चुरा झाला. भाज्यांना पाणी सुटलं आणि त्यात चुरा तरंगायला लागला. तेच खाल्लं. तू तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलीस. एकट्या माणसाला जमेल आणि ज्याला मीठ लागणार नाही असं काहीतरी सांग.

तुझ्या सासूबाईंना शिरसाष्टांग नमस्कार. माझ्यावर माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
तामोत्सु


शिबाता,
२३ जानेवारी १९८७

चि. तामोत्सु यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं, मग पुन्हा हसले. चाळीस वर्षं लोकांच्या दारचे पाण्याचे मीटर वाचलेस, तुला वाटलं टोफूचंही तसंच असेल, झाकण उघडून आकडा पाहिला की काम संपलं!

आता नीट वाच. घट्ट टोफू माग. स्वच्छ फडक्यात गुंडाळून दोन फळ्यांमध्ये ठेव आणि वर लोणच्याच्या पिंपातला दगड ठेव. अर्धा तास हात लावायचा नाही. मग अंगठ्याएवढे तुकडे कर, बटाट्याच्या पिठात हलके घोळव आणि थोड्याशा तेलात एकेक बाजू लाल होऊ दे. ढवळायचा हव्यास सोड. ते काढून ठेवलेस की त्याच कढईत आधी गाजर, मग कोबीचे देठ, मग अळंबी, आणि कोवळी पानं सगळ्यात शेवटी. मिठाच्या जागी किसलेलं आलं, भाजलेले तीळ आणि सुकी अळंबी भिजवलेलं पाणी. सोया सॉस बाटलीतून ओतायचा नाही. लहान चमच्याने, एकच. मी तीनशे साठ पोरांचं शिजवलेलं, एका माणसाचं प्रमाण काढताना माझीच तारांबळ उडाली.

इकडे सासूबाईंचंही टोफूवरच चाललं आहे. ब्याण्णव वर्षांच्या झाल्या, दात नाहीत, मऊ टोफू चमच्याने दिवसातून चारदा भरवते. मला ओळखत नाहीत. परवा मलाच विचारत होत्या, आमची सून कुठे गेली. मी म्हटलं, बाजारात गेली आहे. तर म्हणाल्या, तिला लवकर यायला सांगा, बाई, मला भूक लागली. मला रडावं की हसावं कळेना, आणि दोन्हीला वेळ नव्हता. त्यांना सोडून तुझ्याकडे येता येत नाही, म्हणून पत्रातूनच रागवत राहीन. रोज काय खातोस ते कळवत जा. लपवाछपवी केलीस तर गाठ माझ्याशी आहे.

सावकाश जेव, अंग शेकत जा. थोरल्या बहिणीचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझी,
मित्सुएताई


त्सुरुओका,
२० फेब्रुवारी १९८७

ती. मित्सुएताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच्या तसं करतो आहे. दगड ठेवतो आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसून राहतो, दुसरं काम सुचत नाही. तुकडे आता फुटत नाहीत. कोबी, गाजर, पालक, अळंबी, मुळा, असं आलटून पालटून चालू आहे. मिसोचं खारट सूप आठवड्यातून दोनदाच, तेही अर्धी वाटी. लोणचं माझ्या ताटात नाही. चव कशी लागते म्हणशील, तर चवीचा विषय आपण काढू नये.

ताई, माणसाला दिवसातून तीनदा भूक लागते हे मला आजवर माहीतच नव्हतं. भांडी विसळून होतात न होतात तोच पुन्हा काय चिरायचं याचा विचार करायचा. योशिए हे चौतीस वर्षं कसं करत होती देव जाणे. सकाळी उठून आधी तिचं ताट देव्हाऱ्यात ठेवतो, थोडा वेळ तिच्यापुढे बसतो, आणि मग माझ्या चिराचिरीला लागतो. तेवढा वेळ बरा जातो.

आणि एवढं करून काल रक्तदाब किती भरला? एकशे शहाऐंशी. वाढला. डॉक्टरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत विचारलं, चोरून काही खाता का. आता घरात चोरायचं कुणापासून, असं अगदी ओठावर आलं होतं. मी कंटाळलो आहे. टोफू खाऊनही सेंडाईलाच जायचं असेल तर टोफू तरी कशाला खायचा?

पत्राची वाट पाहतो. रागवायचं असेल तर रागव, पण लिही.

तुझा,
तामोत्सु


सेंडाई,
१० मार्च १९८७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी बाबांकडे जाऊन आले. आल्यापासून डोकं ताळ्यावर नाही म्हणून तुला लिहिते आहे.

फ्रिज उघडला तर समोर खारवलेल्या सॅमनच्या पाच फोडी. खालच्या कप्प्यात खारातली वांगी, सोया सॉसमध्ये आटवलेल्या शेवाळाची बरणी, खारातले प्लम. शेजारी टोफू पाण्यात ठेवलेला, अगदी व्रतस्थ! मी बाबांना विचारलं, हे काय आहे. शांतपणे म्हणाले, ते माझं नाही. मग कुणाचं, घरात दुसरं आहे कोण? तर उठून मागे बर्फ ओढायला गेले. बर्फ नव्हताच फारसा.

आत्या, मला त्यांचा राग येतो आणि भीतीही वाटते. आईच्या वेळी मी महिन्यातून एकदा जात राहिले, आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणता म्हणता ती गेली. तसं मला पुन्हा करायचं नाही. मी आता जूनपर्यंत थांबत नाही, एप्रिलअखेर बाबांना इकडे घेऊन येते. आमच्या ह्यांची हरकत नाही. तुझं ते ऐकतात, तूच त्यांच्या मनाची तयारी कर.

आजींना नमस्कार. तुझा आधार आहे म्हणून एवढं लिहिलं, रागावू नकोस.

तुझी,
चिहारू


शिबाता,
१६ मार्च १९८७

चि. तामोत्सु यास,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडूनच देते आहे.

चिहारूचं पत्र आलं. सॅमनच्या पाच फोडी! इकडे मी तुझ्या मुळ्या-गाजरांची यादी वाचून शेजारपाजारी कौतुक सांगत फिरते, आणि तू मला ताकास तूर लागू देत नाहीस? त्रेसष्टाव्या वर्षी बहिणीला फसवून काय मिळवलंस? पोरगी एप्रिलअखेर तुला घेऊन जाणार आहे आणि मला तिला अडवायला तोंड राहिलं नाही.

सासूबाईंना ताप आहे, जास्त लिहायला वेळ नाही. जे असेल ते खरं कळव. खरं सांगितलंस तर अजूनही तुझीच बाजू घेईन.

मित्सुए


त्सुरुओका,
२३ मार्च १९८७

ती. मित्सुएताईस,
सा. न. वि. वि.

तुला फसवलं नाही. चिहारूलाही खोटं सांगितलं नाही. ते मासे माझे नाहीत, योशिएचे आहेत.

देव्हाऱ्यात रोज भात आणि चहा ठेवतात, हे मला माहीत आहे. पण पहिल्या दिवशी नुसता भात ठेवला आणि तिच्या फोटोकडे बघवेना. म्हणून मग तिचं आवडीचं सगळं ठेवायला लागलो. सॅमनची फोड तेवढी मला जाळीवर भाजता येते. सोबत वांगं, शेवाळ, एक प्लम, आणि दाट मिसोचं सूप. मला बेचव खावं लागतं, तिला का? तू म्हणशील देव्हाऱ्यात मासा कसला ठेवतोस. मठातल्या बुवांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, प्रेमाने ठेवलेलं चालतं.

भातावरची वाफ विरली की ताट खाली उतरवतो. नैवेद्य टाकायचा नसतो, आईनेच शिकवलं आहे. म्हणून स्वयंपाकघरात उभ्याउभ्या संपवतो आणि मग माझा टोफू करायला घेतो. ताई, खरं सांगतो, ते मी माझ्या खाण्यात कधी धरलंच नाही. तिचं ताट वेगळं, माझं ताट वेगळं. तुझं पत्र वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की दोन्ही ताटं एकाच पोटात जातात. हसायला आलं, आणि मग बराच वेळ काही करवेना.

आता तू सांग काय करू. चौतीस वर्षं ती हे सगळं आवडीने करत होती. गेल्यावर तिच्या तोंडचा घास काढून घेऊ? तिलाही पथ्यावर बसवू? त्यापेक्षा सेंडाईला गेलेलं बरं, असंही वाटून जातं.

चुकलो असेन तर पदरात घे.

तुझा,
तामोत्सु


शिबाता,
३ एप्रिल १९८७

चि. तामोत्सु यास,
अ. उ. आ.

मागच्या पत्रात तोंडाला येईल ते लिहिलं, ते मनात ठेवू नकोस. सासूबाईंचा ताप उतरला. मी मात्र तुझं पत्र आल्यापासून दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले. आज लिहूनच टाकते.

तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी आले होते, आठवतं? एका सकाळी स्वयंपाकघरात गेले तर योशिए मोरीपाशी पाठमोरी उभी. बशीतली माशाची फोड ती पाण्याने धूत होती. एकदा धुतली, दाबून पाणी काढलं, पुन्हा धुतली. मला बघून घाबरली. तिच्या माहेरी कुणी इतकं खारट खात नसे, तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. आईंना सांगू नका, अशी हाताने विनवणी केली तिने. मी सांगितलं नाही. तेवढंच केलं, त्यापलीकडे मीही काही केलं नाही. आईने तिला आपल्या घरची चव शिकवली, आणि ती शिकली. तो मासा, ती वांगी, ते दाट सूप हे सगळं तुझ्या आवडीचं, तामोत्सु. तिच्या नाही. तू जेवायच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात, तुला दिसणार कसं?

तुझा यात दोष नाही असं लिहिणार होते. पण दोष आहे. माझाही आहे.

मग तिला काय आवडायचं, ते आठवायला बसले. नाही आठवलं. चिहारूला फोन लावला, तुझी सगळी हकिकत सांगितली आणि विचारलं, तुझ्या आईला काय आवडायचं गं. पोरगी म्हणाली, आई काय उरेल ते खायची. आणि फोनवरच रडायला लागली. जूनपर्यंत थांबते म्हणाली आहे.

काय ठेवायचं ते मी सांगणार नाही. तिचा घास तू काढून घेत नाहीस, एवढंच सांगते.

प्रकृतीला जप. तुझ्यावाचून माहेर म्हणायला मला दुसरं कुणी नाही.

तुझी,
मित्सुएताई


त्सुरुओका,
१२ जून १९८७

ती. मित्सुएताईस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. लिहिण्यासारखं काही हाताशी असावं असं वाटत होतं.

काल तपासणी झाली. रक्तदाब एकशे बावन्न. मूत्रपिंडं सुधारणार नाहीत, पण आहेत तिथेच थांबली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. चिहारू सोबत होती. तिने आकडा दोनदा विचारून घेतला आणि म्हणाली, या वर्षी तरी घराला कुलूप लावायचं नाही. मग तीच बाजारातून पालक घेऊन आली. खारवलेली वांगी मी एप्रिलमध्येच शेजारी देऊन टाकली होती.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस देव्हाऱ्यात नुसता भात आणि पाणी ठेवलं. तिच्यापुढे बसायची लाज वाटत होती. पुढे मात्र बसलो आणि विचारलं, तुला काय आवडायचं? असं मी तिला ती असताना कधी विचारलं नव्हतं.

आता घरात एकच स्वयंपाक होतो. सकाळी टोफू दाबतो, गाजर चिरतो, आलं किसतो. एकाच माणसापुरतं करतो, कारण जेवणार एकच आहे हे आता मला कळलं आहे. शिजलं की ते सगळं आधी तिच्यापुढे ठेवतो. चांगले, न मोडलेले तुकडे वर येतील असं वाढतो. तिला आवडतं का, ते कळायला मार्ग नाही. वाफ विरली की ताट उतरवतो आणि स्वयंपाकघरात बसून जेवतो.

ताई, तोवर सगळं गार झालेलं असतं. टोफू चिवट होतो, पानं काळवंडतात, तेल ताटाला धरतं. पहिल्या दिवशी घास तोंडात घेतला आणि हात थांबला. चौतीस वर्षं मी गरम जेवलो, आणि मी उठेपर्यंत ती थांबायची.

पुन्हा तापवून घेत नाही. तसंच जेवतो.

तुझा राग आणि तुझी माया, दोन्ही मला लागतात. दोन्ही धाडत राहा.

तुझा,
तामोत्सु