खाट सोप्यात घाला

आत्ती,

म्हशीला वैरण टाकलीया, दूध फ्रिजात हाय. आमी दोघं संयोगिताला घिऊन कोल्हापूरला दवाखान्यात निघालोय. उद्या तुमच्या नातीच्या खुब्याचं ऑपरेशन हाय. वन्संना बघून पावणं जाऊंदेत, मग करू म्हणालासा. पर मांडीचं हाड वाटीतनं निम्मं भाईर आलंय, ते पावण्यांसाठी थांबत न्हाय.

पोरीच्या जातीनं पाय जुळवून बसावं, म्हणून तुमी तिचं गुडघं ओढणीनं बांधत हुतासा. डॉक्टर म्हणालं, सेरेब्रल पाल्सीत मांडीच्या शिरा आधीच पाय आत वडत्यात. त्यात तुमच्या गाठीची भर. आता कमरेपास्नं खाली, दोन्ही पाय फाकवून प्लास्टर घालणार हायत. दीड महिना ती तशीच असंल.

मागच्या खोलीच्या दारातनं ते प्लास्टर जाणार न्हाय, आन् गेलं असतं तरी मी तिला तिथं लपवली नसती. तिची खाट सोप्यात, दारासमोर घाला. पावण्यांना तिच्या शेजारीच बसवायचं.

सोपा तेवढा पुसून घ्या. पोतेरं मोरीपाशी हाय. त्याच ओढणीचं केलंय.

अनुजा