वाडी माझ्या नावावर

दिवेआगर,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. मैत्री हिस,

आईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. सुजितरावांना जयभीम सांग. अमिषाचा खोकला गेला का? तिला फ्रीजमधलं दूध तसंच देऊ नकोस.

मी बरी आहे. पावसाने लांबवलेलं भात एकदाचं झोडून झालं. विहाराचा वर्षावासाचा जमाखर्च वाचून दाखवला, कुणाला चूक काढता आली नाही. शेजारच्या गोदूबाईचे गुडघे तसेच आहेत, तोंडही तसंच.

पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुझं “आई, मीटिंग आहे” येतं. कागदाला मीटिंग नसते. रत्नपाल या पत्राचे फोटो काढून पाठवील, म्हणजे टपालखर्चही नाही. मागच्या बाजूला छापलेलं दिसेल ते तुझ्या नावाने केलेल्या खरेदीखताचा मसुदा आहे. तो आता चालत नाही. पण कागद चांगला जाड, टाकवेना.

तर खालच्या पोफळीच्या वाडीच्या खरेदीचं काम अडलं आहे.

मंगळवारी मी आणि तुझा चुलतभाऊ रत्नपाल, श्रीवर्धनला वकीलबाईंकडे गेलो होतो. मालकांच्या मुलांना आपण इसार देऊन बसलोय. महिनाअखेर खरेदी झाली नाही तर ते रिसॉर्टवाल्याला वाडी देणार, तो रोज त्यांना फोन करतो. मी तुझं आधार कार्ड पुढे केलं. वकीलबाई म्हणाल्या, “मुलगी बाहेर असते ना? पासपोर्ट कुठला?”

मी म्हटलं, “आपलाच. कुठला असणार?”

रत्नपाल वर पंख्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, “काकी, मैत्रीने तिकडचं नागरिकत्व घेतलंय. मागच्या वर्षी.”

मी पाणी मागितलं.

वकीलबाईंनी समजावून सांगितलं, बिचाऱ्यांनी दोनदा सांगितलं. परदेशी नागरिक झाल्यावर तुला ते मूळच्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड असेल तर इथे घर घेता येतं, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन नाही, वाडी नाही. बक्षीस म्हणूनही नाही. “वारसाने मात्र मिळू शकते,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे, तुम्ही शेतकरी. मुलीने पैसे तुम्हाला द्यावेत, वाडी तुम्ही तुमच्यासाठी घ्यावी. पुढे तिला येईलच.”

“पुढे म्हणजे कधी?”

“म्हणजे... तुमच्या पश्चात.”

“काकी शंभर वर्षं जगणार!” रत्नपाल घाईघाईने म्हणाला.

“मग मैत्रीला बरंच थांबावं लागेल बाबा.”

वकीलबाई हसल्या. मला हसू आलं नाही. त्या रात्री तू फोनवर विचारलंस, “बीपीची गोळी घेतलीस ना?” रोजच विचारतेस. त्या दिवशी टोचलं.

तिकडे पहिलं घर घेताना तू परकी म्हणून वेगळी परवानगी, वर जास्तीची फी. तेव्हा फोनवर किती रडली होतीस. आता इकडे वाडी घेताना परकी. कुणावर चिडायचं? सरकारवर चिडून झालं, वकीलबाईंवर झालं, रत्नपालवर तर एसटीत अख्ख्या रस्त्याने चिडले. त्याने मला शहाळं घेऊन दिलं. मी शहाळ्याच्या पैशावरूनही बोलले.

वाडी तुला का हवी ते मला माहीत आहे. तुझे पप्पा तिथे पोफळींवर चढायचे. एका झाडावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडावर, जमिनीला पाय न लावता. मालक लोकांना बोलावून दाखवायचे. आणि खाली उतरले की तोच माणूस विहिरीपासून लांब उकिडवा बसून ओंजळ पुढे करायचा, वरून पाणी ओतलं जायचं. तू परकरात होतीस. तू ते पाहिलंस आणि विसरली नाहीस. मीही विसरले नाही. मी बोलले नाही इतकंच, कारण बोलून वाडी परवडणार नव्हती.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

तुझा मागच्या वर्षीचा फोटो. निळी साडी, हातात छोटं रोप, मागे लोक टाळ्या वाजवताहेत. खाली तू काहीच लिहिलं नव्हतंस. मला वाटलं, वृक्षारोपण. मी तो विहारात सगळ्यांना दाखवला. गोदूबाई म्हणाली, “बघा गो, परदेशात जाऊन पन पोरीनं झाडाचं याड सोडलं न्हाय!” महिला मंडळानेही टाळ्या वाजवल्या. मंगळवारी एसटीत रत्नपालने सांगितलं की तिकडे नागरिक करून घेताना हातात रोप देतात.

त्याला सांगितलंस. मला नाही.

मी रागावले असते. दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी खीर करून विहारात वाटली असती. एवढीही ओळखत नाहीस आईला?

मंगळवारपासून सकाळी पंचशील घेताना चौथ्या शीलाला अडखळते. खोटं बोलणार नाही म्हणायचं, आणि कागदावर ‘माझ्यासाठी घेते’ म्हणून सही करायची, मनात मात्र तुझ्यासाठी. ते माझ्याने होणार नाही.

म्हणून ठरवलंय. सही करीन, पण मग वाडी खरोखर माझी. तिथे होमस्टे होणार नाही. तू पाठवलेल्या चित्रातला पोहण्याचा हौद तर नाहीच. वादळात आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी नव्या पोफळी लावीन. विहिरीवर दोरी आणि बादली कायम राहील, येईल त्याने आपल्या हाताने पाणी काढावं. पोफळ धरायला वर्षं लागतात. तोवर मी कुठेही जात नाही. हे मान्य असेल तरच पैसे पाठव. नसेल तर रिसॉर्टवाल्याला घेऊ दे, मी इसारावर पाणी सोडते. मी पैसे सोडते म्हणतेय, यावरून काय ते समज.

आणि खरेदीच्या दिवशी तू ये. सही तुझी लागणार नाही, मी विचारून घेतलं. त्या कागदावर तुझं नावसुद्धा असणार नाही. म्हणूनच ये. कचेरीत बाहेर बाकावर बस. माझं झालं की दोघी वाडीत जाऊ. पहिली बादली तू काढायचीस. त्याला कुठला पासपोर्ट लागतो ते मी बघते.

ते रोप कुठे लावलंस, जगलं का, तेही समोर बसून सांग. जगलं असेल तर पाणी घालत जा. झाडावर माझा राग नाही.

तुझी वाट बघणारी, आणि इतक्यात कुठेही न जाणारी,
आई