बुंधा कापायचा राहिला

तीर्थरूप पप्पांना लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत. यंदा नाताळाला घरात खरं झाड आणलं, पण बादलीभर पाण्यात ठेवूनही सुकायला लागलं. तुम्ही आधी करवतीने बुंधा थोडा कापायचात आणि मगच झाड पाण्यात ठेवायचात, हे आज आठवलं.

दहा वर्षांपूर्वी, आई पानं झाडून दमते म्हणून मीच तुमच्या गळ्यात प्लॅस्टिकचं झाड मारलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "याला वास नाही गं, ठमे." मी हसण्यावारी नेलं.

आता गळलेली पानं सुपलीत भरते आणि वास घेत बसते.

तुमचे गुडघे कसे आहेत? बुंधा किती बोटं कापायचा, तेवढं कळवा. विचारायला दहा वर्षं लावली, रागावू नका.

तुमचीच,
ठमी