फाटक उघडं होतं

माय,

आज तुझ्या फाटकावर गाडी थांबली. नेहमी थांबतात ती माणसं नाहीत, उसाच्या बैलगाड्या नाहीत. इंजिनासकट अख्खी रेल्वेगाडी थांबली आणि रस्ता चालू राहिला. "काहीबी सांगस," म्हणाली असतीस तू आणि पदराने तोंड पुसत हसली असतीस. हे सगळं मी शाळेतल्या मराठीत लिहितेय, त्यावरही बोललीच असतीस, "साहेबीन कव्हय व्हयनी तू?" झाले खरी. सिग्नल खात्यात आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. तू गेलीस तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते, खांबावर चढून तारा जोडत होते, आणि तुला माझं तेवढंच ठाऊक होतं.

बाबा रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते आणि रुळावरच गेले, म्हणून रेल्वेने त्यांच्या जागी तुला फाटकावर घेतलं. फाटकाच्या अलीकडे आपलं गाव, पलीकडे मोठा रस्ता, आणि त्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की पाट्या गुजराती. दिवाळी सरली की उसाच्या गाड्यांची रांग लागते. स्टेशनातून फोन येतो, तू हँडल फिरवून दांडा खाली घेतेस आणि शिव्या सुरू होतात. त्यात आपला सख्खा काका सगळ्यांच्या पुढे. बैलगाडीवर उभा राहून ओरडतो, "वहिनी, गाडी सुरतथून तरी निंघनी का?" तू मागे वळूनही बघत नाहीस. "निंघी, निंघी! तवलोंग तंबाखू मया, भाऊजी!" काका खरंच तंबाखू मळायला घेतो, सगळी रांग हसते. सायकलवाले मात्र सायकल आडवी करून दांड्याखालून वाकून जायचे, आणि त्या प्रत्येकाचा तू घराण्यासकट उद्धार करायचीस. रस्त्याला फाटक आहे, वहिनीच्या तोंडाला नाही, असं काका म्हणायचा.

मला नर्स व्हायचं होतं. आपल्या दवाखान्यात ती केरळची सिस्टर होती ना, पांढरीशुभ्र, तिच्यासारखं. सुरतेला एका दवाखान्यात शिकायला घेणार होते आणि मुलाखतीला बोलावलं होतं. तूच माझा ड्रेस इस्त्री करून आणलास, तूच केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलीस. मी पिशवी घेऊन निघाले आणि तेवढ्यात फोन वाजला. दांडा खाली आला. पलीकडे फाट्यावर सुरतेची बस उभी होती. कंडक्टर मला बघत होता. दोन्हीकडे रूळ रिकामे, गाडीचा मागमूस नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू हिरवा झेंडा गुंडाळत होतीस. मी वाकले. अर्धी आत गेले असेन, तोच वेणीला हिसका बसला. तू मला मागे ओढलंस आणि सगळ्या रांगेसमोर थोबाडीत दिलीस. "मन्ही पोर वाकनी तर मी कोनले सांगू? उभी ऱ्हाय तठे!" बसने दोनदा हॉर्न दिला आणि ती गेली. गाडी त्यानंतर आली, माय. चांगली आरामात आली, मालगाडी होती. तेवढ्यात मी तीनदा पलीकडे जाऊन आले असते.

दुसऱ्या दिवशी गेले तर जागा भरल्या होत्या. तिथल्या बाईंनी चहा पाजला आणि परत पाठवलं. त्या रात्री चुलीपुढे तू कळण्याच्या भाकरी थापत होतीस, मी भिंतीकडे तोंड करून. पहिली भाकरी तू माझ्या ताटात टाकलीस, वर लोण्याचा गोळा. मी हात लावला नाही. तू तव्याकडे बघतच म्हणालीस, "बस रोज येस. पोर येस का?" बस्स, एवढंच. माफीबिफी तुझ्या गावीही नव्हती. भूक लागली होती म्हणून मी शेवटी भाकरी खाल्ली, पण मनातून अढी काही गेली नाही.

आता आपल्या लायनीवर इंजिनातच यंत्र बसवतायत. पुढे लाल सिग्नल असला आणि ड्रायव्हरने ब्रेक लावला नाही, तर यंत्र आपणहून लावतं. त्याला रेडिओवरून खबर मिळते. एक टॉवर महाराष्ट्रात, पुढचा गुजरातेत. हद्द त्याला कळत नाही. तुला तरी कुठे कळत होती, दोन्हीकडच्यांना सारख्याच शिव्या. आज चाचणी होती आणि मी मोठ्या साहेबांबरोबर इंजिनात होते. फाटक उघडं असलं की त्याचा सिग्नल लाल राहतो, म्हणून एक फाटक मुद्दाम उघडं ठेवायचं होतं. कुठलं, ते मी ठरवलं. तुझं ठरवलं. ड्रायव्हर आपल्याच भागातला, रनाळ्याचा, जुना माणूस. ब्रेकला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं, तर बिचारा हात मांडीखाली दाबून बसला होता. "मॅडम, हाई थांबी ना?" त्याने हळूच विचारलं. "थांबी," मी म्हटलं. आपलं कौलारू क्वार्टर दिसलं, पडकं झालंय आता. मग कुणी हात न लावता ब्रेक लागले. चाकं करकरली, आणि गाडी सिग्नलच्या अलीकडे उभी राहिली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी काचेतून समोर बघत होते. उसाचा ट्रॅक्टर गेला. मागून स्कूटीवर एक मुलगी आली, पाठीला सॅक, ओढणी तोंडाला बांधलेली. मान ताठ ठेवून रूळ ओलांडून गेली. आमच्या गाडीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

तुझं बरोबर होतं, हे मी नव्या पोरांना शिकवताना अभिमानाने सांगते. थोबाडीत बसली तेही सांगते, पोरं हसतात. बसचा राग अजून आहे, ते सांगत नाही. हे पत्रही वहीतच राहील. तुझा पत्ता कुणाला विचारू? तेव्हा तुलाच सांगते. मला डोळे पुसताना साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, चाचणी पास झाली म्हणून रडता होय? मी हो म्हटलं. मी तर तेव्हा मनाने उघड्या फाटकातून पळत जाऊन सुरतेची बस पकडली होती.