यादीत राहिलेलं नाव

आण्णा, तुमचं नाव अजून लोणीच्या मतदारयादीत आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि ते मीच राहू दिलं आहे. तुमच्यानंतर यादीचं काम माझ्याकडे आलं. शाळा सुटली की तुमचीच कापडी पिशवी खांद्याला लावायची आणि वस्त्यांवर फिरायचं. अठरा पूर्ण झालेल्यांची नावं घालायची, लग्न होऊन गेलेल्या पोरींची हलवायची, मयतांची काढायची. लोक चहा पाजतात, पण नाव काढायचं म्हटलं की विषय बदलतात. परवा मळ्यातल्या एका म्हातारीनं नवऱ्याच्या अर्जावर अंगठा द्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. म्हणाली, "बाई, ऱ्हाऊ द्या की. कागदावं त्यो काय खातोय का तुमचं?" मी तिला तुमचंच बोलणं ऐकवलं आणि अंगठा घेतला. वर तोंड करून घेतला, स्वतःच्या घरात हे असं असताना.

तुमचं ते बोलणं आपल्या स्वयंपाकघरातलं. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. मी भाकऱ्या थापतेय, त्या जमत नाहीयेत, आणि तुम्ही पाटावर यादी पसरून, फूटपट्टी लावून, लाल पेनानं आईच्या नावावर रेघ मारताय. मी पिठाच्या हातानं यादी ओढली. नाही नाही ते बोलले. तुम्हाला काळीजच नाही, इथपर्यंत गेले. तुम्ही कागदावरचं पीठ झटकलंत आणि आवाज न चढवता म्हणालात, "तिनं कुणाला मत दिलं ते मला बी कधी सांगितलं न्हाई. दर इलेक्शनला इचारायचो, नुसती हसायची. आता तिच्या नावावं कुणी परक्यानं जाऊन बटण दाबलं, तर चालंल का तुला?" मग रेघ पुरी केलीत. तव्यावरची भाकरी करपली होती, तीही मुकाट्यानं खाल्लीत. त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. माफी तर कधीच मागितली नाही.

यंदा मतदानाला मी शाळेच्या व्हरांड्यात, लोकांना यादीतला नंबर शोधून देत बसले होते. सकाळी रांग होती, मग ऊन चढलं आणि पटांगण ओस पडलं. आपल्या गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे. चार वाजले की उमेदवारांची माणसं रस्त्यापलीकडे उभं राहून राहिलेल्यांची नावं मोठ्यानं वाचतात, आणि ज्याचं नाव निघेल त्याला आणायला गाडी सुटते. यंदा वाचणारा पारगावहून आलेला, नवा होता. त्यानं तुमचं नाव पुकारलं, आजोबांच्या नावासकट, खणखणीत. कुणीतरी माझ्याकडे बोट केलं, तसा यादी घेऊन तो सरळ माझ्यापाशी आला.

"मॅडम, ह्यो घर नंबर तुमचाच हाय म्हणत्यात. कुठं हायत हे? गाडी धाडू का?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "बाहेरगावी गेलेत." आजूबाजूची चारदोन म्हातारी माणसं, तुमच्या बरोबरीची, खाली बघत राहिली. एकानंही मला खोटं पाडलं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मग मतदान संपेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुम्ही नाही आहात हे गावाला माहीत, यादीला नाही, आणि आत बसलेले कर्मचारी सगळे परगावचे. आत जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या पाठीकडे मी संशयानं बघत होते. तुमच्या नावावर कुणी बटण दाबलं असतं, तर त्याला वाट मीच करून दिलेली होती. मतदान संपल्यावर मी मतदान केंद्राध्यक्षांना यादी बघायला लावली. मत देऊन गेलेल्याच्या नावाखाली रेघ ओढलेली असते. तुमच्या नावाखाली नव्हती. मी तिथंच पायरीवर बसून रडले आणि उन्हानं चक्कर आली म्हणून सांगितलं.

आज रविवार. चहा झाल्यावर नाव वगळायचा अर्ज भरला. अर्जदार मी, चौकशी करणारीही मीच. कारण: मयत. सही केली आहे, उद्या तहसीलला देईन. विसरले म्हणून हे राहिलं नव्हतं, आण्णा. पुढच्या यादीत आपल्या घर नंबरापुढे माझं एकटीचं नाव छापून येईल, ते मला बघवणार नव्हतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पिशवीत, तुमच्या फूटपट्टीखाली ठेवते. फक्त एक राहिलं. त्या माणसानं तुमचं नाव पुकारलं, तेव्हा मी आधी शाळेच्या फाटकाकडे पाहिलं होतं, तुम्ही येताय का म्हणून.