हजेरी, रोल नंबर सत्तावीस

४ ऑक्टो. २०२१, डिचोली
ऑनलाइन तास, टी.वाय.बी.बी.ए. बेचाळीस काळे चौकोन. भिंतीशी बोलण्याचं दुसरं वर्ष. प्रश्न टाकला: पाववाला पोदेर सायकलवरून यायचा बंद झाला, तर गिऱ्हाईक का हळहळतं? पाव दुकानातही मिळतो. मग चॅटवर दीपाली गावकर: 'लोक पावाची नाही, भोंप्याची वाट बघतात सर.' वा. लाटंबार्श्याची पोर. घरात रेंज नाही, काजूच्या डोंगरावर जाऊन बसते. चॅटवरच्या हजेरीतही पहिली तीच. एफ.वाय.ला माझ्याच वर्गात होती म्हणे. चेहरा आठवत नाही.

१८ ऑक्टो.
कॉलेज उघडलं एकदाचं. मीच मीटिंगमध्ये भांडलो होतो, धंदा माणसांत बसून शिकायचा असतो म्हणून. बाकांची करकर, कुजबुज. बरं वाटलं. हजेरी नेहमीच्या वेगात. सत्तावीस? उत्तर नाही. 'ए' लावला, अठ्ठावीस. मान वर केली तर तिसऱ्या बाकाशी एक मुलगी उभी. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, शब्द फुटत नव्हता. मागचे दोघे हसले. ती बसली.
'प्रेझेंट सर', एवढंच म्हणायचं होतं तिला. ही दीपाली.
'ए' खोडून 'पी' केला. तोवर तिनं मान खाली घातली होती.

२१ ऑक्टो.
तीन दिवस दीपाली नाही. मेल आली: 'सर, मला ऑनलाइनच बसू द्याल का?' प्राचार्य म्हणाले, तशी सोय नाही, आणि हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.
एफ.वाय.चं मस्टर काढलं. तेव्हाही सत्तावीसच. ए, ए, ए. अक्षर माझं. हजेरी कमी म्हणून वडिलांना बोलावून लिहून घेतलं होतं, तेही मीच. ती तेव्हा शेजारी उभी होती. काही बोलली नाही म्हणून मी आणखी चिडलो होतो.

२४ ऑक्टो., रविवार
लाटंबार्श्याला गेलो. वडील भात झोडत होते. मस्टरचं सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मग तिच्या बोलण्याबद्दल, 'घरांत बरी उलयता सर. लोकांमुखार जीब धरता तिची.' आणि खाली बघत, 'त्या दिसा हांवें तिका मारलें. कॉलेजांत वचना, आमकां फटयता म्हणून.' कॉलेजला न जाता घरच्यांना फसवते, असं वाटलं होतं त्यांना.
आई चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली. मला मान वर करवेना.
दीपाली दारात. चूक माझी, म्हटलं. वरातीमागून घोडं, पण म्हटलं. पुढं: 'तुझा नंबर घेईन आणि थांबेन. लागेल तेवढा वेळ.'
ती म्हणाली, 'ह... हांसतले सर.'


२५ ऑक्टो.
आली. पंचवीस, सव्वीस. सत्तावीस म्हटलं आणि पेन खाली ठेवलं. ती उभी राहिली. दोन्ही हात बाकावर. 'प्र'. परत 'प्र'. कुणी हसलं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ते तिनं पाहिलं. डोळे भरले, बसली. शब्द नाहीच आला. 'पी' लावला.
तिच्या भल्यासाठी बोलावलं की माझ्या मनाला टोचतं म्हणून, ठरवता येत नाही. डोंगरावर सुखी होती बिचारी.
संध्याकाळी मेल. एकच ओळ: 'सर, उद्या पण थांबाल?'
हो, लिहिलं. घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे.